गावच्या नियमांत रुग्णांचं म्हणणं कसं पोचवायचं? (मेडिकल कॅनाबिस म्हणजे औषधी गांजा, कॅलिफोर्निया)

रेवती_जो

बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेय. विषय निघाला की आपल्या लोकांत एकतर हशा पिकतो नाहीतर सगळे गप्प होतात, म्हणून आधीच सांगते की हा धागा औषध म्हणून घेणाऱ्यांबद्दल आहे.

माझ्या नवऱ्याला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मज्जासंस्थेचा आजार आहे. रात्री पाय आखडतात, पोटऱ्या दगडासारख्या होतात आणि जरा डोळा लागला की कळ येऊन जाग येते. स्नायू सैल करणारी औषधं झाली, बॅक्लोफेन, टिझॅनिडिन. डोस वाढवला की दुसरा अख्खा दिवस ग्लानीत जातो, कमी केला की रात्र जाते. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी कॅनाबिसचं रेकमेंडेशन लिहून दिलं. आता तो झोपायच्या आधी जिभेखाली थेंब घेतो. आजार आहे तिथंच आहे, पण रात्री झोप मिळते. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल.

आम्ही सेंट्रल व्हॅलीतल्या एका लहान शहरात राहतो. राज्यात रुग्णांना १९९६ पासून परवानगी आहे, २०१६ नंतर सगळ्याच प्रौढांना. तरी आमच्या गावात एकही दुकान नाही, कारण दुकान होऊ द्यायचं की नाही हे गाव ठरवतं. आता सिटीनं घरपोच डिलिव्हरीसाठी ऑर्डिनन्सचा, म्हणजे गावच्या कायद्याचा, मसुदा काढलाय. त्यात लिहिलंय: डिलिव्हरी फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते दुपारी २. प्रत्येक ड्रायव्हरला सिटीचा वेगळा परवाना आणि त्याची फी. दारात रुग्णानं काउंटीचं ओळखपत्र दाखवायचं, डॉक्टरांचं पत्र चालणार नाही. इतक्या अटी घातल्या तर इथं येणार कोण? आणि १० ते २ मी कामावर असते, त्याला दारापर्यंत यायला दहा मिनिटं लागतात.

आम्ही काही रुग्ण आणि घरचे लोक लायब्ररीच्या खोलीत जमायला लागलोय. कॅन्सरचे दोन-तीन जण आहेत, व्हिएतनाम युद्धातले एक आजोबा आहेत, एपिलेप्सी असलेल्या मुलाची आई आहे. सगळे तळमळीनं बोलतात, पण सिटीसमोर नेमकं काय मागायचं ते ठरत नाही. पुढच्या महिन्यात प्लॅनिंग कमिशनसमोर (सिटी कौन्सिलला शिफारस करणारी समिती) सुनावणी आहे.

कुणी असं काम केलंय का? कसं केलं? आणि दुसरा प्रश्न माझ्यापुरता: नवरा सिटिझन आहे, मी ग्रीन कार्डवर. मी उभं राहून बोलावं का?

बंड्या_नाशिककर

महाशिवरात्रीच्या तोंडावर धागा. मुहूर्त उत्तम साधलात! बाकी विषय गंभीर आहे, वाचतोय.

धनंजय_फ्रीमाँट

रेवतीताई, आधी यजमानांना लवकर आराम पडो.

मी २०१६ च्या जानेवारीत हे सगळं जवळून पाहिलंय. तेव्हा माझे सासरे आमच्याकडे होते, केमो चालू होती. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यानं मेडिकल मारुआनाचे, म्हणजे गांजाचेच, तीन कायदे केले. त्यातल्या एकात चुकून असं कलम राहून गेलं की १ मार्च २०१६ च्या आत गावानं लागवडीचे स्वतःचे नियम केले नाहीत, तर अधिकार राज्याकडे जाणार. झालं! गावोगावचे सिटी अ‍ॅटर्नी (सिटीचे वकील) घाबरले. नियम करायला वेळ नाही, मग सरसकट बंदीच घाला. ज्यांच्या कायद्यात ते कलम होतं त्या आमदार जिम वूड यांनी ही चूक असल्याचं जाहीर सांगितलं, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला गव्हर्नर ब्राउन यांनी दुरुस्तीवर सहीही केली. पण तोवर कितीतरी गावांनी बंदी घालून टाकली होती.

आमच्या तेव्हाच्या गावातही तो ठराव आला. पहिल्या सभेला रुग्ण आले आणि एकेकानं उठून ‘आम्हाला याचा उपयोग होतो’ असं सांगितलं. कौन्सिलनं सहानुभूतीनं ऐकलं, आणि ठराव जसाच्या तसा पुढे सरकवला. दुसऱ्या वाचनाच्या, म्हणजे शेवटच्या मतदानाच्या, आधी एका रिटायर्ड शाळाशिक्षिकेनं सगळ्यांना बसवून मसुद्याचं पान काढलं आणि विचारलं, यातलं कुठलं वाक्य बदलायचंय ते सांगा. तासभर वाद घालून एकच मागणी ठरली: रुग्णाला स्वतःपुरती, घराच्या आत, कुलपात थोडी झाडं लावायची मुभा. ते वाक्य लिहूनच दिलं. सिटी अ‍ॅटर्नीनं दोन शब्द बदलले आणि ते मंजूर झालं.

कौन्सिलमधल्या माणसांना तुमची दया येते, पण दयेतून काय लिहायचं ते त्यांना सुचत नाही. वाक्य तुम्ही द्यायचं.

शिल्पा_के

मी विरोधात लिहिणार आहे, राग मानू नये.

आमच्या भागात दुकानं आली तेव्हाही ‘रुग्णांसाठी’ म्हणूनच आली. आज हायस्कूलच्या पोरांच्या हातात गांजाच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) दिसतात. माझा मुलगा दहावीत आहे. रेवती, तुझ्या नवऱ्याला मिळावं यात वादच नाही, पण त्याच्या नावाखाली सगळ्यांना दार उघडतं त्याचं काय? मूठभर खऱ्या रुग्णांना पुढे करून धंदेवाले आपली पोळी भाजून घेतात. सिटीनं कडक नियम केले तर मला ते बरंच वाटेल.

डॉ_मंदार_पुणे

पुराव्यांबद्दल थोडं. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजचा २०१७ चा अहवाल पाहावा. प्रौढांचं जुनाट दुखणं, केमोनंतरच्या उलट्या-मळमळ आणि एमएसमध्ये रुग्णाला स्वतःला जाणवणारी स्नायूंची ताठरता, या तिन्हींत उपयोगाचा बऱ्यापैकी भक्कम पुरावा असल्याचं त्यात म्हटलंय. रेवतीताई सांगतात ते नेमकं त्यात बसतं. उलट वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ मध्ये दुखण्यासाठी याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही अशी भूमिका घेतली. म्हणजे डॉक्टरांतही एकमत नाही, आणि सभेत ‘कॅन्सर बरा होतो’ वगैरे कुणी बोललं तर तुमचं सगळं म्हणणं पाण्यात जाईल. अशा माणसाला आधीच आवरा.

दुसरं, लहान मुलांच्या काही दुर्मिळ एपिलेप्सींसाठी शुद्ध कॅनाबिडिऑलचं (गांजातल्या एका घटकाचं) औषध एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं जून २०१८ मध्ये मंजूर केलंय. ते डॉक्टर लिहून देतात आणि फार्मसीत मिळतं. तुमच्या गटातल्या त्या आईला हे माहीत असेलच, नसेल तर न्यूरॉलॉजिस्टला विचारायला सांगा. क्लोबाझॅम हे फिटचं औषध चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी वाढते, त्यामुळे परस्पर काही सुरू करू नये. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनीही सांभाळावं.

रेवती_जो

डॉक्टर, मनापासून आभार. त्या आईला आजच सांगते.

शिल्पा, राग कसला? तू लिहिलंस तेच आमच्या सुनावणीत उभं राहून कुणीतरी म्हणणार आहे, आणि मला त्याचं उत्तर द्यायचंय. मुलांच्या हातात जातं ते थांबवायला दाराशी वय आणि ओळख तपासा, शाळेपासून लांब ठेवा, पाकीट मुलांना न उघडणारं करा. आमचा गट या सगळ्याच्या बाजूनं उभा राहील. पण सोमवार ते शुक्रवार १० ते २ या वेळेनं कुठलं मूल वाचतं? त्या वेळेला घरी फक्त आजारी माणूस असतो.

शिल्पा_के

वेळेचं पटलं. दुकानाचं नाही पटलं, पण तुमच्या मसुद्यात दुकान नाहीच आहे म्हणा.

अ‍ॅड_नेहा_सॅनहोझे

हा सल्ला नव्हे, माहिती आहे. इमिग्रेशन वकिलाला भेटल्याशिवाय काही करू नका.

रेवती, राज्याचा कायदा काहीही म्हणो, इमिग्रेशन केंद्राच्या कायद्यानं चालतं आणि तिथं गांजा नियंत्रित पदार्थ आहे. सिटिझन नसलेल्या माणसानं ‘मी घेते’ किंवा ‘मी विकत आणते’ असं कबूल केलं, तर शिक्षा झालेली नसतानाही अडचण येऊ शकते. देशाबाहेर जाऊन परत येताना विचारलं जाऊ शकतं. नागरिकत्वाच्या अर्जासाठी यूएससीआयएस या केंद्राच्या इमिग्रेशन खात्यानं एप्रिल २०१९ मध्ये लेखी धोरणच काढलं की राज्यात चालत असलं तरी चारित्र्याच्या अटीत हे आड येऊ शकतं. या व्यवसायात नोकरी केली तरीही. एच-१ या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी तर हे दोनदा वाचावं.

सिटीच्या सभांचं चित्रण होतं, ते वर्षानुवर्षं इंटरनेटवर राहतं. लेखी पत्र पाठवलंत तर तेही सार्वजनिक दप्तरात जातं. नवऱ्याच्या वतीनं ‘मी आणून देते’ हे वाक्य तुझ्या तोंडून कॅमेऱ्यासमोर जाऊ नये असं मला तीव्रतेनं वाटतं. तो सिटिझन आहे, त्याला बोलू दे. फोनवर फोटो, मेसेज, गटाच्या चॅटमधली वाक्यं, यातही जपून.

आता कायद्याची बाजू, इथं तुमचं पारडं जड आहे. एसबी ११८६ हा राज्याचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. रुग्णाला घरपोच मेडिकल कॅनाबिस देण्यावर गावाला बंदी घालता येत नाही, आणि नियमांच्या आडून बंदीसारखीच अवस्था करताही येत नाही. रास्त नियम करता येतात. तसं झालं नाही तर खुद्द रुग्ण किंवा त्याची काळजी घेणारा माणूस कोर्टात जाऊ शकतो. राज्याच्या नियमात डिलिव्हरीची वेळ सकाळी ६ ते रात्री १० आहे. काउंटीचं ओळखपत्र ऐच्छिक आहे. ते असलं की विक्रीकर माफ होतो, पण मेडिकल खरेदीसाठी डॉक्टरांचं रेकमेंडेशन पुरतं. या तीन मुद्द्यांचं एक पानी पत्र सिटी अ‍ॅटर्नीला सुनावणीच्या आधी पोचलं पाहिजे. सही सिटिझन सदस्यांची.

बंड्या_नाशिककर

नेहाताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझा वरचा महाशिवरात्रीचा विनोद पुसायला निघालो होतो. मग आठवलं की मी नाशिकला आहे आणि एच-१ वर कधी नव्हतो.

मेघना_ओ

नेहा, एक शंका. माझी आई व्हिजिटर व्हिसावर येते, तिला संधिवात आहे. मैत्रिणीनं बाम आणून दिला होता, कॅनाबिसचा. असल्या गोष्टींनीही?

अ‍ॅड_नेहा_सॅनहोझे

मेघना, आईला देऊ नकोस आणि विमानात तर अजिबात नको. हेम्प (त्याच झाडाचा नशा न आणणारा प्रकार) आणि गांजा यांतला फरक डबीवरच्या छपाईवरून ठरवायला जाऊ नकोस. संधिवातासाठी इतर बाम भरपूर आहेत.

अरविंद_काका

मी १९८९ ते २००५ सॅन होझेला होतो. तुम्हा मंडळींना आता दुकानं दिसतात, पण हे आलं कुठून ते थोडं सांगतो.

सॅन फ्रान्सिस्कोत एड्सनं माणसं पटापट जात होती. भूक लागायची नाही, पोटात अन्न ठरायचं नाही, अंगावर मांस राहायचं नाही. डेनिस पेरॉन यांचा जोडीदार जोनाथन वेस्ट एड्सनं १९९० मध्ये गेला. त्यानंतर पेरॉन यांनी शहरापुरतं मतदान घडवून आणलं: १९९१ चं प्रपोझिशन पी. जवळजवळ ८० टक्के लोकांनी बाजूनं मत दिलं. तिथं मेरी रॅथबन नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या, सगळे त्यांना ब्राउनी मेरी म्हणत. त्या गांजा घातलेल्या ब्राउनी भाजून एड्सच्या रुग्णांना वाटायच्या आणि सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलात स्वयंसेविका म्हणून कामही करायच्या. १९९२ मध्ये त्यांना अटक झाली तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या. आधी शहर, मग १९९६ मध्ये राज्यभर प्रपोझिशन २१५, ५५ टक्क्यांवर मतं. म्हणजे सुरुवात गावापासूनच झाली.

मला सगळ्यांत जास्त आठवतं ते सांताक्रूझ. तिथं व्हॅलरी आणि माइक कोरल यांनी रुग्णांची एक संघटना चालवली होती, वॅम. रुग्णच एकत्र झाडं वाढवत, आपसांत वाटून घेत, पैसे घेत नसत. त्यांतले बरेच जण शेवटच्या दुखण्यात होते. ५ सप्टेंबर २००२ ला केंद्राच्या डीईए या अमली पदार्थविरोधी खात्यानं पहाटे धाड घालून बाग उखडून नेली. बारा दिवसांनी, १७ सप्टेंबरला, सिटी हॉलच्या आवारात भर दुपारी रुग्णांना त्यांचं औषध वाटलं गेलं, आणि मेयर व कौन्सिलचे सदस्य तिथं शेजारी उभे होते. व्हीलचेअरवरची माणसं रांगेत. पुढच्या वर्षी शहर आणि काउंटी दोघांनीही रुग्णांबरोबर केंद्र सरकारवर खटला भरला.

धाड पडल्यावर एका रात्रीत कुणी असं उभं राहत नाही. ती मंडळी कित्येक वर्षं कौन्सिलच्या लोकांना भेटत होती, नावानिशी ओळखत होती. रेवती, सुनावणीची वाट पाहू नकोस. कौन्सिलमधल्या पाचही जणांना आत्ताच भेटा.

समीर_आर

काका, उत्तम माहिती. पण एक प्रतिवाद. लॉस एंजेलिसमध्ये २०१२ ला कौन्सिलनं दुकानांवर बंदी घातली आणि रेफरेंडमसाठी (बंदीवर मतदान घ्यायला लावण्यासाठी) भराभर सह्या गोळा झाल्या. त्या सह्यांमागे पैसा कुणाचा होता? दुकानवाल्यांचा आणि कामगार युनियनचा. रुग्ण पोस्टरवर. शिल्पा म्हणाल्या त्यात तथ्य आहे.

धनंजय_फ्रीमाँट

समीर, पैसा होता हे खरं. पण त्याच कौन्सिलमध्ये बिल रोझेंडाल होते, ते स्वतः कॅन्सरचे रुग्ण होते आणि औषध म्हणून घेत असल्याचं सभागृहात बोलले. ऑक्टोबर २०१२ मध्ये कौन्सिलनं स्वतःच बंदी मागे घेतली, आणि मे २०१३ मध्ये मतदारांनी मेझर डी हा शहराचा प्रस्ताव मंजूर केला, २००७ च्या आधीपासूनची दुकानं तेवढी चालू राहतील असं. त्याच मे महिन्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टानं रिव्हरसाइड शहराच्या खटल्यात निकाल दिला की गावाला दुकानांवर बंदी घालता येते. तिथून पुढे रुग्णांची सगळी लढाई गावागणिक झाली. आज रेवतीताई जिथं अडकल्यात ते त्यामुळेच.

तरी तुमचा मुद्दा कामाचा आहे. गटाचं तत्त्व एक ठरवून टाका: डिलिव्हरी कंपनीचा माणूस सभेत तुमच्या बरोबर बसणार नाही, आणि प्रिंटआउटचे पैसेसुद्धा त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत. कौन्सिल पहिला प्रश्न तोच विचारते.

वर्षा_न्यूजर्सी

आमच्याकडचं सांगते. इथं कायदा जानेवारी २०१० मध्ये झाला, पण पहिलं विक्री केंद्र उघडायला डिसेंबर २०१२ उजाडलं. मधली जवळजवळ तीन वर्षं रुग्णांनी कागदावरच्या कायद्याकडे बघत काढली. २०१३ मध्ये ड्रॅव्हे सिंड्रोम (एक गंभीर एपिलेप्सी) असलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी गव्हर्नर क्रिस्टी यांना एका डायनरमध्ये गाठून, कॅमेऱ्यासमोर, माझ्या मुलीला मरू देऊ नका असं विनवलं. थोड्याच दिवसांत मुलांसाठी खायच्या स्वरूपातल्या औषधाला वाट मिळाली. घरी झाड लावायला रुग्णालाही परवानगी नव्हती. तुम्ही कॅलिफोर्नियावाले त्या बाबतीत सुखी.

चिन्मय_के

भारतात काय परिस्थिती आहे? आपल्याकडे तर भांग चालते ना? मग औषधाला का नाही?

अ‍ॅड_पराग_मुंबई

१९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पानं आणि बिया त्यात धरत नाहीत, म्हणून भांग त्या कायद्याबाहेर राहते आणि राज्यांच्या अबकारी कायद्यांखाली येते. महाराष्ट्रात ती दारूबंदी कायद्याच्या कक्षेत आहे, परवान्याशिवाय नाही. म्हणून उत्तर प्रदेशात सरकारमान्य भांगेची दुकानं दिसतात आणि ठाण्यात दिसत नाहीत.

वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी कायद्यात वाट ठेवलेली आहे. आयुर्वेदात ‘विजया’ नावानं ती आहेच आणि तिची औषधं वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचं मतदान २७ विरुद्ध २५ झालं, तेव्हा भारतानं काढायच्या बाजूनं मत दिलं होतं. तेव्हा दार अगदीच बंद नाही. पण ‘औषधाला घेतो’ म्हणून कुणी घरात गांजा ठेवला तर पोलिस तो गुन्हाच धरणार, हे चिन्मय, स्पष्ट लक्षात ठेव.

मीनल_ठाणे

अवांतर: थंडाईत खसखस किती घालायची? भांग नको, साधी.

बंड्या_नाशिककर

मीनलताई, चार पेल्यांना दोन चमचे, रात्रभर भिजवून, बडीशेप आणि मगजबरोबर वाटायची. आणि खसखस अफूच्या बोंडातूनच येते, तेव्हा या धाग्यात तुम्ही फारशा अवांतर नाही.

सुनंदा_कोल्हापूर

बंड्यांनी अफूचं नाव काढलंच आहे, तर मी मॉर्फिनबद्दल लिहिते. रेवती, तुला यातून काही मिळेल असं वाटतं.

माझ्या वडिलांना हाडांपर्यंत पसरलेला कॅन्सर होता. शेवटचे महिने आम्ही गावी काढले. मॉर्फिनची साधी गोळी, जगात सगळ्यांत स्वस्त औषधांपैकी एक, जिल्ह्याच्या गावी मिळेना. औषधाच्या दुकानात नाव काढलं की दुकानदार चिठ्ठी परत सरकवायचा, आणि मागे उभी माणसं आमच्याकडे वळून बघायची. भाऊ मुंबईहून दर खेपेला थोडी घेऊन यायचा. गाडी चुकली की ती रात्र वडील ओरडून काढायचे. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्यानं अफू पिकते, औषधासाठी बाहेर जाते, आणि इथला माणूस तसाच जातो.

याला कारण तोच १९८५ चा कायदा होता. ठेवायचा परवाना वेगळा, वाहतुकीचा वेगळा, प्रत्येक राज्याचे नियम निराळे, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात पडायचा नाही, आणि कागदात चूक झाली तर तुरुंगाची भीती. हॉस्पिटलं म्हणायची, नकोच ती कटकट. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यासाठी वर्षानुवर्षं झगडले. पॅलिएटिव्ह केअरच्या (दुखणं हलकं करणाऱ्या सेवेच्या) संघटनेनं २००७ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकसारखे नियम, आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकच परवाना.

केरळात कामाची पद्धत अशी की गल्लीतलेच स्वयंसेवक घरोघर रुग्णाकडे जातात, काय हवं ते लिहून आणतात, पंचायतीत मांडतात. तिथल्या सरकारनं २००८ मध्ये धोरण केलं ते या माणसांच्या रेट्यामुळे. कायदा दिल्लीत बदलतो, पण गोळी दुकानात आहे की नाही हे गावातल्या माणसालाच जाऊन बघावं लागतं. तू घरात आजारी माणूस असताना हे करतेयस, याचं मला फार अप्रूप आहे.

डॉ_मंदार_पुणे

सुनंदाताई, शब्दन् शब्द खरा. आणि कायदा बदलून इतकी वर्षं झाली तरी मॉर्फिन लिहायला कचरणारे डॉक्टर अजून आहेत, कारण शिकतानाच आमच्या मनात धास्ती बसवलेली असते.

रेवती_जो

सुनंदाताई, तुमचं लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मी बोलतो सभेत.

अडचण ही की त्याला सलग दोन-तीन मिनिटं उभं राहून बोलायला त्रास होतो, आणि घड्याळ समोर लावलेलं असतं.

मेघना_ओ

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पहिली तीन मिनिटं माइक चालू आहे का हे बघण्यातच जातात. तुमच्याकडे तीन मिनिटांत कायदे होतात, धन्य!

धनंजय_फ्रीमाँट

रेवतीताई, बसून बोलायची सोय मागा, ती द्यावीच लागते. सिटी क्लार्कला आधी फोन करा. अजेंडा नियमित सभेच्या किमान ७२ तास आधी लावावा लागतो, तो लागला की तुमचा विषय कितव्या क्रमांकावर आहे ते बघा, नाहीतर आजारी माणसं रात्री अकरापर्यंत ताटकळतात. आमच्याकडे तेच झालं होतं. निम्मे रुग्ण विषय यायच्या आधीच घरी गेले.

आणि बोलणं वाटून घ्या. एकानं फक्त वेळेबद्दल, एकानं फक्त ओळखपत्राबद्दल, एकानं फीबद्दल. तुमच्या यजमानांनी रात्रीचं सांगावं, बाकी काही नको. प्रत्येकानं शेवटी एकच वाक्य म्हणायचं: अमुक कलमात अमुक शब्दांऐवजी हे शब्द घाला.

शिल्पा_के

रेवती, एक सुचवू? तुमच्या पत्रात मुलांच्या सुरक्षेच्या अटी तुम्हीच आधी लिहा. दारात वय तपासणं, फक्त नावावर असलेल्या माणसाच्याच हातात देणं, अंगणात ठेवून न जाणं. विरोधात येणाऱ्या आया माझ्यासारख्याच असतील. त्यांना हे छापील दिसलं तर निम्म्या परत फिरतील. मी नक्की फिरले असते.

रेवती_जो

सुनावणी झाली. सविस्तर लिहिते.

नेहाचं पत्र आधीच पोचलं होतं, खाली रुग्णांच्या आणि घरच्यांच्या सह्या, सगळे सिटिझन. मी मागच्या रांगेत बसले, एक शब्द बोलले नाही. पण सगळे कागद मी लावले होते, मसुद्याच्या प्रत्येक ओळीसमोर आमची ओळ. आजोबा बोलले, ते बोलताना खोलीत कुणी हललं नाही. एपिलेप्सीवाल्या मुलाच्या आईनं ओळखपत्राचं मांडलं: मूल आजारी, दुसरं लहान, काउंटीच्या ऑफिसात भेटीची वेळ मिळवून जायचं कधी? विरोधात चार जण होते. शिल्पाच्या अटी छापून सगळ्यांना वाटल्या होत्या. त्यांतल्या एक बाई कागद बघून म्हणाल्या, हे सगळं असेल तर माझी हरकत फक्त रात्रीच्या वेळेला आहे.

नवरा बसून बोलला. पोटरीला हात लावून, इथून सुरू होतं म्हणाला, रात्री एक वाजता इथून सुरू होतं. तीन मिनिटांतला बराच वेळ तो थांबत होता. अध्यक्षांनी घड्याळ थांबवलं.

निकाल: ओळखपत्राची सक्ती काढली. सिटी अ‍ॅटर्नीनं स्वतःच सांगितलं की राज्याच्या कायद्यापुढे ती टिकणार नाही. वेळ आठवड्याचे सातही दिवस, सकाळी ९ ते संध्याकाळी ७, अशी शिफारस कौन्सिलला गेली. ड्रायव्हरच्या परवान्याची फी मात्र तशीच ठेवली. कमिशनचे एक सदस्य म्हणाले, सिटीचा खर्च निघायला हवा.

अ‍ॅड_नेहा_सॅनहोझे

फार छान! आता फीचं. सिटीनं आकारलेली परवान्याची फी ही त्या कामाला येणाऱ्या रास्त खर्चाइतकीच असायला हवी, त्याहून जास्त घेतली तर कॅलिफोर्नियाच्या घटनेप्रमाणे तो कर ठरू शकतो आणि त्याला मतदारांची मंजुरी लागते. ती फी कशी काढली त्याचा हिशेब सार्वजनिक दप्तराच्या कायद्याखाली मागा. दहा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कौन्सिलच्या पहिल्या वाचनाआधी हातात पाहिजे, म्हणजे उद्याच मागा.

सुनंदा_कोल्हापूर

यजमानांना माझा नमस्कार सांग.

समीर_आर

नेहा, या अर्जाला ठरावीक नमुना असतो का? मी शेजारच्या काउंटीत आहे, आमच्याकडेही असाच मसुदा येतोय. सिटिझन आहे, सही करू शकतो.

अ‍ॅड_नेहा_सॅनहोझे

नमुना नाही, सिटी क्लार्कला साधी ईमेल चालते. ‘डिलिव्हरी ड्रायव्हर परवान्याची फी ठरवताना वापरलेले सर्व हिशेब, अहवाल आणि ईमेल’ एवढं नेमकं लिही. मसुदा हातात आला की इथंच टाक.

रेवती_जो

ईमेल आज सकाळी गेली, आजोबांच्या नावानं. समीर, पुढच्या बैठकीला ये; लायब्ररीची खोली शनिवारी दुपारी मिळालीय. कौन्सिलमधल्या पाचांपैकी तिघांची भेट ठरलीय, उरलेल्या दोघांना काय विचारायचं ते तिथं ठरवू.